वाचकांचे प्रश्न : गावची जमीन, गावचा ठराव

या महिन्यात आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच गाठीशी येऊन थांबतात. गाव एक झाले, निवेदन दिले, फोटो निघाला आणि पुढे काहीच घडले नाही. खाली निवडक पत्रांना उत्तरे दिली आहेत. पाणंद (शेताकडे जाणारी सामाईक वाट) आणि खाण यांची उत्तरे मुद्दाम लांब आहेत, कारण तिथेच सर्वांत जास्त अर्ज निव्वळ चुकीच्या वाटेने गेल्यामुळे फेटाळले जातात.

प्रश्न : आमच्या शिवारातली जुनी पाणंद दोघांनी नांगरून टाकली. पलीकडच्या चौदा खातेदारांचा ऊस आणि सोयाबीन डोक्यावरून काढावा लागतो. तहसीलदारांकडे दोनदा निवेदन दिले, उत्तर नाही. आता काय करावे? (जि. लातूर)

आधी तुमचा रस्ता कोणत्या जातीचा आहे ते ठरवा. अर्जाचे कलम त्यावर अवलंबून आहे, आणि ‘निवेदन’ कोणत्याच कलमात बसत नाही. त्याला आवक क्रमांक पडतो, पण प्रकरण क्रमांक पडत नाही.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित नक्कल काढा. नकाशावर तुटक दुहेरी रेषा असेल तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा असेल तर पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे जुन्या साखळीतून आले आहेत. तेहतीस फुटांची साखळी म्हणजे सोळा आणे, त्यातले आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट आणि चार आणे म्हणजे सव्वाआठ. गावातली म्हातारी माणसे ‘आठ आण्याची वाट’ म्हणतात ती हीच. अशा वाटेची जागा एखाद्याच्या सातबाऱ्यात पोटखराब (लागवडीत न धरलेली) म्हणून दाखवलेली असली, तरी नकाशावरची वाट सर्वांसाठी खुली असते. तिथे मागणी अतिक्रमण काढण्याची आणि हद्द कायम करण्याची करायची. मोजणी भूमी अभिलेखकडून होईल, आदेश तहसीलदारांचा असेल.

नकाशावर काहीच नाही, पण वहिवाट जुनी आहे आणि ती अडवली आहे, अशा वेळी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५. इथे एक तारीख जिवावर बेतते. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. लोक समजुतीने मिटेल म्हणून दिवाळीपर्यंत थांबतात, मग पेरणी होते, मग मुदत जाते. समजूत जरूर घाला, पण दावा दाखल करून ठेवा. मिटले तर मागे घेता येतो.

तिसरा प्रकार म्हणजे शेताला रस्ताच नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३. हा रस्ता फक्त बांधावरून मिळतो. कोणाच्या शेताच्या मधून जवळचा रस्ता मागितला तर अर्ज तिथेच पडतो. या निर्णयाने कोणी नाराज असेल तर त्याला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो, हे समोरच्यालाही ठाऊक असते. म्हणून पहिल्याच वेळी कागद नीट जोडा.

अर्जासोबत स्वतःचा सातबारा, रस्ता ज्या ज्या गटांच्या बांधाला लागतो त्या प्रत्येकाचा सातबारा, नकाशाची नक्कल आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा लावा. वाटेतल्या सर्व खातेदारांना सामनेवाले करा. एकाचेही नाव राहिले तर तोच वरच्या कार्यालयात जाऊन ‘मला नोटीस नाही’ म्हणतो आणि प्रकरण फेरचौकशीला परत येते. सातबाऱ्यावर मयताचे नाव असेल तर वारस शोधून घाला. कलम ५ आणि कलम १४३ एकाच अर्जात कधीही मागू नका. अडवलेली वाट आहे आणि वाटच नव्हती, ही दोन विधाने एकमेकांना खोडतात.

स्थळपाहणीच्या दिवशी चौदाही खातेदारांनी हजर राहावे, पण बोलावे एकाने. जुन्या वाटेची खूण दाखवा. दोन्ही बाजूंची बाभळीची किंवा निवडुंगाची ओळ, चाकोरीने दबलेली माती, ओढ्यावरचे दगडी उतार. पंचनाम्यात या खुणा शब्दाने लिहून घ्या, मगच सही करा.

आदेश झाल्यावर काम उन्हाळ्यात, रब्बी निघाल्यावर आणि पेरणीआधी करा. पुष्कळ गावे इथे चुकतात. काळ्या जमिनीवर नुसता मुरूम पसरतात आणि पहिल्या मोठ्या पावसात ट्रॉली रुतते. कारण साधे आहे. चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि मुरूम तिच्यात गडप होतो. आधी दोन्ही कडेला दीड फूट खोल चर काढा, ती माती मधे टाकून दाबा. साडेतीन मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सात सेंटिमीटर उंच ठेवा. मग मुरूम. एक किलोमीटर लांबी आणि पंधरा सेंटिमीटर थर धरला तर सव्वापाचशे घनमीटर, म्हणजे साधारण १८५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) दाबलेला मुरूम लागतो. गाडीतला सुटा मुरूम त्याच्या सव्वापट धरा. ओघळ जिथे वाट ओलांडतो तिथे नळी टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर वरच्या शेतात पाणी तुंबते आणि ज्याने जागा सोडली तोच पुन्हा वाट अडवतो. ते रास्तही असते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेतून रोजगार हमीच्या जोडीने हे काम घेता येते. त्यासाठी रस्ता अतिक्रमणमुक्त असल्याचा कागद लागतो, म्हणून क्रम वरच्यासारखाच ठेवावा लागतो.

प्रश्न : ग्रामसभेत आम्ही एकमताने ठराव केला. महिनाभराने नक्कल मागितली तर इतिवृत्तात दुसरेच लिहिलेले. असे कसे होते? (जि. जालना)

हजेरीच्या सह्या कोऱ्या पानावर घेतल्या जातात म्हणून होते. सभा उठते, लोक जातात, ठराव सवडीने लिहिला जातो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि नियमित सभेआधी महिला सभा घ्यावी लागते. गणपूर्ती (किमान हजेरी) एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी ती. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. म्हणून तुमचा विषय त्याच्याही आधी सरपंचांच्या नावे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली गेलेला जमिनीचा ठराव पुढे कोणीही सहज उडवून लावतो.

सभेला जाताना ठरावाचा मसुदा लिहूनच न्या. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, नेमकी मागणी, सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव. सभेत तो मोठ्याने वाचा, बाजूने आणि विरुद्ध किती हात वर झाले ते मोजायला लावा आणि ग्रामसेवकांना तिथेच वहीत उतरवायला सांगा. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ ओढून ‘एकूण सह्या इतक्या’ असे अक्षरी लिहून घ्या. ही एक रेघ पुढची पुष्कळ कटकट वाचवते.

नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, पहिले अपील त्यानंतरच्या तीस दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तेव्हा ठराव, दाखले आणि खर्च हे सगळे एकाच कागदावर मागू नका. इतिवृत्त बदललेले आढळले तर गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, सोबत शिक्का असलेली तुमची प्रत आणि मसुदा जोडा.

प्रश्न : गावालगत दगडखाण आणि क्रशर सुरू आहे. विहिरींना तडे, तुरीवर धुळीचा थर. खाणमालक म्हणतो सगळे परवाने आहेत. ग्रामसभेने ‘खाण बंद करा’ असा ठराव दिला, उपयोग झाला नाही. (जि. पुणे)

‘बंद करा’ या दोन शब्दांवर कोणताच अधिकारी कारवाई करू शकत नाही, कारण तो मोडलेला नियम शोधत असतो. तुमचे काम तो नियम हातात देण्याचे आहे.

पहिल्यांदा कागद मागवा : खाणपट्ट्याचा आदेश, मंजूर गट क्रमांक आणि क्षेत्र, खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरीचे पत्र, आणि क्रशरसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र. २०१२ च्या दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या निकालापासून पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजांच्या (दगड, मुरूम, वाळू वगैरे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीचा प्रश्न लागू झाला आहे. या पत्रांमागची अटींची यादी नीट वाचा. पाणी मारणे, झाडांचा पट्टा, कामाच्या वेळा, सुरुंगाच्या वेळा, सगळे तिथे असते. सोबत ग्रामपंचायतीने पूर्वी दिलेला ना-हरकत दाखलाही काढा. कितीतरी गावांत तो आधीच दिलेला निघतो, आणि सभेत प्रश्न त्याच्यावरच अडतो. तो कोणत्या ठरावाने दिला आणि त्या सभेला गणपूर्ती होती का, हे तपासा.

मग खड्डा मोजा. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद, सहा मीटर खोल खड्डा म्हणजे १४,४०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे पाच हजार ब्रासच्या वर घन दगड गेला. फोडलेला दगड फुगतो, त्यामुळे गाडीतले ब्रास याहूनही जास्त भरतात. स्वामित्वधन (रॉयल्टी) किती ब्रासवर भरले ते माहिती अधिकारात मागा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. तफावत मोठी असेल तर तहसीलदारांकडे इटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणी यंत्राने मोजणीची मागणी करा. विनापरवाना उत्खननावर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) नुसार बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ४८ (८) नुसार वाहने, यंत्रे जप्त होतात. तुमचे मोजमाप कच्चे असले तरी चालते. त्याने पक्क्या मोजणीचे दार उघडते. फक्त खाणीच्या आत परवानगीशिवाय उतरू नका. कडेवरून, शेजारच्या खातेदाराच्या जागेतून मोजा.

विहिरीच्या तड्यांचे एवढेच करा. तड्यावर आडवी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा, तिच्यावर तारीख कोरा, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा. पट्टी तडकली की तडा वाढतो आहे हे कोणालाही दिसते. नुसत्या जुन्या तड्याच्या फोटोला ‘बांधकाम कच्चे होते’ हे उत्तर तयार असते. सुरुंगाची वही ठेवा : तारीख, वेळ, किती बार, भोंगा वाजला का, दगड कुठवर उडाला. वही घरातल्या एकाच व्यक्तीने, एकाच पेनाने नव्हे, पण एकाच पद्धतीने रोज लिहावी. आठवून एकदम भरलेली वही चौकशीत लगेच ओळखू येते.

तक्रार वेगवेगळ्या दारांत वेगवेगळी करा. जादा उत्खनन महसूलकडे, धूळ आणि आवाज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे, सुरुंग खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. एकच निवेदन सगळ्यांना प्रत म्हणून पाठवले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

प्रकल्पाला जनसुनावणी लागू असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान तीस दिवसांची नोटीस वर्तमानपत्रांत यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. म्हणून बहिष्कार घातला तरी सुनावणी पार पडते आणि ‘कोणाचीही हरकत नाही’ अशी नोंद होते. संतापापोटी गाव घरी बसते, आणि इथे ते फार महागात पडते. जा, लेखी हरकत द्या, त्याची पोच घ्या, आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवल्याशिवाय हॉल सोडू नका. ते वाचून दाखवणे बंधनकारक आहे. मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपिलाची मुदत तीस दिवस, सबळ कारण असल्यास आणखी साठ. त्यापुढे एक दिवसही नाही. गाव अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात असेल तर तिथल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा, १९९६ प्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. तुमच्याकडे तसे नसेल तर त्या कलमाचा हवाला देऊन वेळ घालवू नका.

प्रश्न : गायरानावर अतिक्रमण वाढले आहे. तरुण मंडळाला ते सरसकट काढून हवे आहे. कायदा आमच्या बाजूने आहे का? (जि. बीड)

कायदा आहे, पण ‘सरसकट’ या शब्दाला आमचा विरोध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणे काढून त्या गावाला परत देण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्यावरून महाराष्ट्राचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला. पण त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा, तसेच शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयींचा अपवाद नमूद आहे. आणि मराठवाड्यात तर १९९१ चा शासन निर्णय विसरून चालणारच नाही. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या दलित, आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा तो निर्णय आहे. कितीतरी कुटुंबे पात्र असूनही सातबाऱ्यावर अजून आलेली नाहीत.

तेव्हा आधी यादी करा. तलाठ्याकडे गाव नमुना १-इ ही अतिक्रमणाची नोंदवही असते, तिची नक्कल घ्या. मग शिवारफेरी करून प्रत्येक तुकडा पाहा : कोण, किती क्षेत्र, केव्हापासून, स्वतःची दुसरी जमीन किती, दंडाच्या पावत्या आहेत का. अर्धा एकर ज्वारी पेरणारी विधवा आणि स्वतःची तीस एकर जमीन असून गायरानात गोदाम बांधणारा, यांची नावे एकाच अर्जात एका ओळीत लिहिली तर गाव फुटते, आणि गोदामवाला त्याच फुटीमागे लपतो. पहिल्या प्रकारच्या कुटुंबांना नियमित करण्याचे अर्ज भरायला मंडळाने स्वतः मदत करावी. दुसऱ्या प्रकारासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याचा अर्ज, तोही एकेका अतिक्रमणाचा स्वतंत्र.

अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्यच असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ज-३) नुसार तो अपात्र ठरू शकतो. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पुराव्याला मोजणीचा नकाशा हवा, ‘सर्वांना माहीत आहे’ चालत नाही.

गायरान मोकळे झाले की ते मोकळे ठेवणे हे निराळेच काम आहे. पहिल्या पावसातच कडेने चर आणि करवंद, सागरगोटा असे काटेरी कुंपण करा. चराई पाळीने सुरू करा, म्हणजे गवताला बी धरायला सवड मिळते.

प्रश्न : गावात दरवर्षी बोअर खोल जातात. ग्रामसभेने बोअरबंदी आणि ऊसबंदी करावी का? (जि. अहिल्यानगर)

तुमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि ती टिकली. ती टिकली याचे कारण दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो. बंदीपासून सुरुवात करू नका, ताळेबंदापासून करा.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. ८०० हेक्टरांच्या शिवारात ५०० मिलिमीटर पडला तर ४०० कोटी लिटर. आपल्या काळ्या पाषाणात मुरणारे पाणी साधारण दहावा हिस्सा धरा : ४० कोटी. दीड हजार माणसांना माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षाला तीन कोटी, सहाशे जनावरांना एक कोटी. राहिले ३६ कोटी. पावसाचे वजा जाता उसाला हेक्टरी दीड कोटी लिटर धरले तर एवढ्यात २४ हेक्टर ऊस होतो. हरभऱ्याला हेक्टरी ३० लाख धरले तर १२० हेक्टर. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. चर्चा आपोआप होते.

अंदाज खरा की खोटा ते विहिरी सांगतात. शिवाराच्या वर, मध्ये आणि खाली अशा आठ-दहा विहिरी निवडा, काठावर रंगाची खूण करा आणि दर पंधरवड्याला त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजा. रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी मोजा. चालू पंपाच्या विहिरीचे माप फसवे असते.

कायद्याची मर्यादाही सांगायला हवी. खासगी शेतात कोणते पीक घ्यायचे हे ग्रामसभा सक्तीने ठरवू शकत नाही. तो समजुतीचा ठराव असतो. मात्र महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो. तुमचे पाणलोट क्षेत्र अधिसूचित आहे का ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

प्रश्न : महामार्गाच्या भूसंपादनाविरुद्ध समिती स्थापली. नोंदणी करावी का? सर्वांच्या वतीने एकच हरकत चालेल का? (जि. कोल्हापूर)

हरकतीसाठी नोंदणी लागत नाही. कायमस्वरूपी निधी, मालमत्ता किंवा संस्थेच्या नावाने न्यायालयात जाणे असेल तरच संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणांची संस्था करा.

एकच हरकत मात्र चालवून घेऊ नका. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ६० दिवसांत. तुमच्या रस्त्याला कोणता कायदा लावला आहे ते अधिसूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात असते, ते आधी वाचा. ७० टक्के आणि ८० टक्के संमतीची अट २०१३ च्या कायद्यात भागीदारीच्या आणि खासगी प्रकल्पांसाठी आहे. ती प्रत्येक संपादनाला लागते असे समजून पुष्कळ गावे गाफील राहतात. सामूहिक निवेदन जोडा, पण प्रत्येक खातेदाराची स्वतंत्र, गट क्रमांकासह हरकत हवी, सामाईक खात्यातल्या प्रत्येक हिस्सेदाराचीसुद्धा.

विरोध कायम ठेवूनही संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहता येते. हजर राहून ‘हरकत कायम ठेवून’ असे लिहून सही करा आणि विहीर, पाईपलाईन, झाडे, गोठा यांची नोंद पाहा. गाडलेली पाईपलाईन वरून दिसत नाही, ती उकरून दाखवा. आंब्याचे वय आणि घेर लिहून घ्या. ई-पीक पाहणीत या हंगामाचे पीक आणि विहीर चढलेली नसेल तर आजच चढवा.

वर्गणी घेणार असाल तर छापील पावतीपुस्तक, दोघांच्या सहीचे बँक खाते, आणि दर महिन्याच्या एक तारखेला जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारी. वकिलांना दिलेल्या रकमेचीही पावती घ्या आणि तीही तिथेच लावा.